रविवार, बुधवार

खिडकीच्या फटीतून सोहारचं ऊन आत सरकतं
तेव्हा मी बाथरूममधल्या स्टुलावर एक पाय ठेवून
कमरेखाली, डावीकडची जुनी पट्टी सोलते.
मागे राहतो करड्या डिंकाचा चौकोन,
भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा.
खोबरेल लावून तो पुसायचा.
नवी उजवीकडे.
तळहाताने दाबून दहा आकडे मोजायचे.
आज रविवार. पुढची बुधवारी.
सात वर्षं झाली.

हिशेब हा माझा धंदाच.
बंदरातल्या जहाजांना कांदे, दोरखंड, पिण्याचं पाणी
पुरवणाऱ्या कंपनीत मी बिलं जुळवते.
सातशे अठ्ठावीस पट्ट्या,
शिवाय रात्रीची ती मऊ गोळी.
विमा म्हणतो, हे आजारात बसत नाही.
खरंच आहे.
हे कशातच बसत नाही.

पदर आला तेव्हा गल्लीभर कळलं होतं,
आत्याने हिरवं परकर-पोलकं आणलं होतं.
गेला तेव्हा मी जून महिन्यात
अठरावर लावलेल्या एसीखाली
डिझेलच्या बिलांची फाइल हलवून वारा घेत होते.
बाहेर सेहेचाळीस.
आत माझं माझं वेगळंच हवामान.
समोरचा फिलिपिनो कप्तान भला माणूस,
म्हणाला, मॅडम, दार उघडू?
कुठलं दार, बाबा.

आई म्हणायची, सुटले एकदाची.
आणि रात्री मागच्या पायरीवर बसून
तांब्यातलं पाणी मानेवर ओतत राहायची.
आम्हाला वाटायचं, तिला चांदणं आवडतं.

थुरैयाने माझ्याच आठवड्यात सुरू केलं होतं.
चौथ्या महिन्यात तिच्या बहिणीचा
नऊ मिनिटांचा आवाजी निरोप आला,
तिने सगळं कचऱ्यात टाकलं.
मंगळुरूच्या जुलियानाचं तसं काहीच झालं नाही.
खोकं संपलं, आणायचं राहिलं,
मुलाची परीक्षा, मग सासऱ्यांचं पडणं,
राहिलं ते राहिलंच.
दोघींना मी कधी काही बोलले नाही.
कागदावरची बारीक अक्षरं मीही वाचली आहेत,
भिंगाने, दोनदा.
काही रात्री ती छातीवर येऊन बसतात.
दर डिसेंबरात छाती यंत्रात दाबून घेते,
श्वास रोखते,
आणि निकाल येईपर्यंत भाजीत मीठ विसरते.

एकदा पट्टी हरवली.
ऑगस्ट, समुद्राकडून येणारी चिकट हवा,
डिंक कुठवर धरणार?
चादर झटकली, वॉशिंग मशीनच्या पोटात हात घातला.
संध्याकाळी विश्राम घरी आले
तर त्यांच्या कोपराला चिकटलेली.
दिवसभर साइटवर हिंडले होते तिला घेऊन.
मी विचारलं, काही वाटलं का?
म्हणाले, दुपारी जरा रडू आल्यासारखं झालं,
पण ते पगारपत्रकामुळे असेल.
हसता हसता मी स्वयंपाकघरात खालीच बसले.
किती दिवसांनी,
घाम न फुटता.

औषधाच्या दुकानातली कोट्टयमची शिजी
माझ्यासाठी दोन खोकी मागे ठेवते.
नाव घेत नाही, नुसती भुवई उचलते,
जणू मी काही चोरून नेतेय.
तिची चाळिशी अजून दोन वर्षं लांब आहे.
परवा पैसे परत देताना हळूच विचारलं तिने,
चेची, खूप वाईट असतं का?
मागे एक बलुची ड्रायव्हर खोकल्याचं औषध घ्यायला उभा.
मी म्हटलं, फोन कर. शुक्रवारी दुपारी.
शुक्रवार गेला. फोन आला नाही.
येईल.

यंदा डॉक्टर म्हणाल्या,
आता थोडं कमी करून बघू या का?
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
पायरी आठवली, ओली.
म्हटलं, आज नवी लावलीय.
बुधवारी सांगते.